पेरणीआधी विकलेली भाजी



ऊस विकास खात्याचा माणूस भाजीपाल्यावर लिहू लागला म्हणजे काही सभासदांच्या भुवया वर चढणार, हे आम्ही धरूनच चाललो आहोत. “साहेब, टनेज सोडून हे काय काढलंत?” असे गट कार्यालयात दोघातिघांनी आम्हाला तोंडावर विचारलेही. तेव्हा आधीच सांगून टाकतो, की ज्या रानाची हकिगत पुढे येत आहे त्या रानातला ऊस आपल्याच कारखान्याला आला आणि वजनात कमी भरला नाही.

२०२२ सालच्या ऑगस्टमध्ये एक तरुण सभासद गट कार्यालयात आला. त्याचे एकूण रान सव्वादोन एकर. खुर्चीवर टेकला, पाणी प्याला आणि बराच वेळ काही बोललाच नाही. अशी माणसे आली म्हणजे त्यांना काय हवे असते ते आता आम्हाला विचारावे लागत नाही. एकरभर ऊस उभा, तोड जानेवारीच्या पुढे, बिल निघाले की सोसायटीचे कर्ज आधी वळते होणार. आणि पोरांची फी, आईचे औषध, पुढच्या लागणीचा खर्च मात्र आज दारात उभा. कारखान्याकडून काही उचल मिळेल काय, एवढेच त्याला विचारायचे होते. तशी तरतूद नव्हती. तसे आम्ही त्याला सांगितले. असे सांगणे आमच्या नोकरीत वारंवार येते, पण त्याची सवय काही होत नाही.

उठता उठता तो म्हणाला, “बुधवारच्या बाजाराला आईनं साठ जुड्या मेथी नेली हुती. पस्तीस खपल्या, दोन रुपयाला एक. राहिलेली म्हशीपुढं टाकली.”

त्याच आठवड्यात आमच्या सौ.नी वसाहतीत दारावर आलेल्या गाडीवरून मेथीची जुडी पंधरा रुपयांना घेतली होती. त्याचे रान आणि आमचे दार यांत अंतर दोन किलोमीटर. दोन रुपये आणि पंधरा रुपये हे दोन आकडे रात्री डोक्यातून जाईनात. बरे, मधल्या गाडीवाल्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तोही पहाटे तीनला उठून मार्केटला जातो आणि त्याचाही माल सडतो. परंतु पिकवणारा आणि खाणारा एकाच रस्त्यावर राहत असताना भाजी पन्नास किलोमीटर फिरून का यावी?

आम्हाला एका पद्धतीची माहिती वाचनातून होती. इंग्रजीत तिला ‘कम्युनिटी सपोर्टेड ॲग्रिकल्चर’ असे लांबलचक नाव आहे. नावाने घाबरून जाण्याचे कारण नाही. कारखान्याच्या सभासदाला ती समजावून सांगायला दोन मिनिटे पुरतात, कारण शेअर म्हणजे काय हे त्याला कुणी शिकवावे लागत नाही. लोणी-प्रवरेच्या भागात विठ्ठलराव विखे पाटील गावोगाव फिरले, शेअर गोळा केले, धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ पाठीशी उभा राहिला आणि १९५० साली प्रवरेचा कारखाना सुरू झाला. ज्यांनी शेअरचे पैसे मोजले त्यांनी तोवर आपल्या कारखान्याच्या साखरेचा दाणाही पाहिलेला नव्हता. या पद्धतीत तेच उलट बाजूने घडते. खाणारा माणूस शेतकऱ्याच्या हंगामाचा शेअर घेतो. पैसे पेरणीआधी देतो. मग हंगामभर दर आठवड्याला रानात जे येईल त्यातला आपला वाटा नेतो. पीक चांगले आले तर पिशवी भरून, पाऊस कोपला तर अर्धी.

ही युक्ती परदेशात काही ठिकाणी आपापली निघालेली दिसते. जपानमध्ये शेतीतल्या विषारी औषधांच्या धास्तीने शहरातल्या आया जाग्या झाल्या. १९७१ साली तिथे सेंद्रिय शेतीची संघटना उभी राहिली आणि गृहिणींचे गट थेट शेतकऱ्यांशी करार करू लागले. या व्यवहाराला ते ‘तेइकेई’ म्हणतात, म्हणजे हातात हात घालून चालणे म्हणा ना. अमेरिकेत अलाबामा राज्यातल्या टस्कीगी येथील कृषी प्राध्यापक बुकर व्हॉटली हे लहान शेतकऱ्यांना, विशेषतः कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना, सांगत असत की बाजाराच्या मागे धावू नका, वर्गणी भरून येणारी आपली ठरलेली गिऱ्हाइके बांधा.

पुढे १९८६ साली अमेरिकेच्या ईशान्य भागात दोन शेतांवर एकाच वर्षी हा प्रकार रीतसर सुरू झाला. एक मॅसॅच्युसेट्स राज्यातले ‘इंडियन लाइन फार्म’. तिथे रॉबिन व्हॅन एन या बाईंनी आधी सफरचंदाच्या बागेचे शेअर लोकांना दिले, आणि ते जमले असे पाहून पुढच्या वर्षी भाजीपाल्याचे. दुसरे न्यू हॅम्पशायरमधले ‘टेंपल-विल्टन’ येथील शेत. या दुसऱ्या ठिकाणची एक रीत आम्हाला फार आवडली. वर्षारंभी सर्वांची सभा भरते. शेतकरी वर्षाच्या खर्चाचे अंदाजपत्रक वाचून दाखवतो, त्यात त्याची स्वतःची गुजराणही धरलेली असते. मग प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगते. बेरीज कमी पडली तर पुन्हा एक फेरी, खर्च भरून निघेपर्यंत. कमी देणाऱ्याला कमी भाजी असे नाही. आपल्या सर्वसाधारण सभेत अंदाजपत्रकाचे वाचन चालू असते तेव्हा मंडळी चहाच्या दिशेने किती चटकन सरकतात हे आम्ही जाणतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

रॉबिनबाई १९९७ साली वारल्या. त्यांचे शेत विकले जाऊन तिथे बंगले उठायचे, पण १९९९ साली जमीन एका भूमी न्यासाकडे गेली आणि कसणाऱ्यांना दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने मिळाली. शेत राहिले.

आता आमच्याकडे येऊ. तरुणाला आम्ही पुन्हा बोलावून घेतले. त्याला कल्पना पटायला वेळ लागला नाही, पण त्याची आई म्हणाली, “साहेब, पेरायच्या आधी पैसं घ्यायचं म्हंजी कर्जच की वो.” या प्रश्नाचे उत्तर आम्ही त्या दिवशी हसण्यावारी नेले. मावशींचे म्हणणे किती खरे होते ते पुढे कळले.

गणपती उठले त्या आठवड्यात आम्ही स्वतः पहिला शेअर घेतला आणि वसाहतीत फिरलो. केमिस्ट, फिटर, टाइम ऑफिसातले क्लार्क अशी अकरा घरे, हायस्कुलातील चार शिक्षक आणि तालुक्याच्या गावातली पाच घरे मिळून वीस झाली. शेअर तीन हजार रुपयांचा. नोव्हेंबर ते मार्च वीस आठवडे, आठवड्याला सुमारे चार किलो भाजी, म्हणजे पिशवी दीडशे रुपयांना. साठ हजार रुपये बँकेतल्या वेगळ्या खात्यावर जमा झाले. आम्ही याला ‘वाट्याची भाजी’ म्हणू लागलो तो गावात उलटीच बोंब उठली, की अमक्याने रान साहेबाला वाट्याने दिले! ते निस्तरायला आठ दिवस गेले.

भाजीसाठी विहिरीलगतचे पंधरा गुंठे ठेवले. सोयाबीन निघाल्यावर पस्तीस गुंठ्यांत पूर्वहंगामी ऊस लावायचा आणि पाच फुटी सरीत आंतरपीक म्हणून कोबी व कांदा घ्यायचा असे ठरले. ऊस पहिले तीन-चार महिने सावकाश वाढतो. त्या काळात सरीतली मोकळी जागा, पाणी आणि ऊन तणाला द्यायचे की भाजीला, हा आमच्या खात्याचा जुनाच प्रश्न आहे.

सप्टेंबरअखेर मेथी, पालक, कोथिंबीर पेरली. टोमॅटो-वांग्याची रोपे गादीवाफ्यावर टाकली. आणि ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस आला. तो पाऊस कुणाला सांगायला नको. वाफ्यात घोटाभर पाणी, मेथी पिवळी पडून बसली, टोमॅटोची रोपे बुडाशी कुजून कोलमडली. दिवाळी चिखलात गेली.

पहिली पिशवी ६ नोव्हेंबर २०२२ रोजी, रविवारी, द्यायची होती. आदल्या संध्याकाळी तो आमच्या दारात आला. “साहेब, बाजारातनं दोन पोती आणून भरू का? कुणाला कळायचं न्हाई.” आम्ही गप्प राहिलो. खरे सांगायचे तर आमच्याही मनात क्षणभर तेच आले होते, कारण लोकांनी पैसे आमच्या तोंडाकडे पाहून दिले होते. उत्तर त्याच्या आईने दिले. ती पायरीवर बसली होती. म्हणाली, “आपल्या रानात न्हाई ते आपल्या पिशवीत कसं घालायचं? जे हाय ते दे.”

जे होते ते असे : एक दुधी, अळूची जुडी, शेवग्याचा पाला, पावशेर हिरवी मिरची, चार लिंबे, कढीपत्ता. काट्यावर पावणेदोन किलो. (पिशवी घेणाऱ्याच्या डोळ्यांदेखत काटा करायचा हा नियम आम्ही पहिल्या दिवसापासून ठेवला. काट्याचा विषय ऊसवाल्याला जास्त सांगायला नको.)

दुसऱ्या रविवारीही तीच गत. तिसऱ्या रविवारी वसाहतीतल्या मारुतीच्या पारावर बैठक बसली. एक जण तावातावाने म्हणाले, “तीन हजार मोजून आम्ही अळूच खायचं का? हा काय धर्मादाय काढलाय?” तरुण उठला. हातात शंभर पानी वही होती. बियाणे इतके, रोपे इतकी, शेणखत, नांगरट, मजुरी इतकी, खात्यावर शिल्लक इतकी. सगळे वाचून दाखवले आणि म्हणाला, “ज्यांस्नी पैसं परत पायजेत त्यांनी मागून घ्या. बाकीच्यांसाठी मी पुन्यांदा लावतो.”

इथे आमची पहिली चूक कबूल करतो. पैसे घेताना आम्ही चांगल्या पिशवीचेच वर्णन केले होते. पीक बुडाले तर वाटाही बुडेल हे वाक्य तोंडात आले होते, पण शेअर हातचा जाईल म्हणून गिळले. त्यामुळे रागावणारे रागावले यात त्यांचा दोष नव्हता. ही जोखीम वाटून घेणे हाच या पद्धतीचा कणा आहे आणि आम्ही नेमका तोच झाकून ठेवला होता. त्या दिवशी तीन घरांनी पैसे परत घेतले. दिले, लगेच दिले. सतरा घरे राहिली. त्यातल्या एका गुरुजींच्या पत्नी म्हणाल्या, “आमचा पगार दर महिन्याला येतो. दोन महिने अळू खाल्लं तर काही बिघडत नाही.” आणि बैठक उठली.

नोव्हेंबरच्या अखेरीस ऊस लागला, भाजी दुसऱ्यांदा लागली. जानेवारीपासून पिशवी चारच्या वर, कधी पाच किलोची जाऊ लागली. मेथी, पालक, मुळा, टोमॅटो, वांगी, पातीचा कांदा. पाल्यावर दव असायचे, कारण काढणी पहाटेची. आमच्या घरी मुले मुळ्याचा पाला खाऊ लागली, हे आम्ही पंचेचाळिसाव्या वर्षी प्रथम पाहिले.

मग दुसरी चूक, तीही आमचीच. ऊस म्हणजे एकदा लागण, एकदा तोड. त्या सवयीने आम्ही कोबीची सहाशे रोपे एकाच दिवशी लावायला सांगितली. फेब्रुवारीत सगळे गड्डे बारा-पंधरा दिवसांत तयार! सतरा घरांना आठवड्याला तीन-तीन गड्डे. पहिल्या रविवारी लोक खूश, दुसऱ्या रविवारी हसू, तिसऱ्या रविवारी फिटरसाहेबांच्या सौ. म्हणाल्या, “भाऊजी, आता कोबी परत नेता का?” उरलेला कोबी त्याला मार्केटला पडेल भावात द्यावा लागला. शेतकीचा डिप्लोमा घेऊन इतकी वर्षे झाली, पण आठवड्याच्या पिशवीचे वेळापत्रक आम्हाला कधी कुणी शिकवले नव्हते.

ते त्याच्या आईने बसवले. रविवारी पिशव्या गेल्या की त्याच दिवशी एक वाफा मेथीचा व एक कोथिंबिरीचा टाकायचा. मेथी महिन्याभरात येते, कोथिंबीर चाळीस दिवसांत. पालकाचे दोन वाफे, एक कापला की दुसरा फुटतो. कोबीची रोपे दहा दिवसांच्या अंतराने साठ-साठ. टोमॅटो तीन हप्त्यांत. वांग्याची झाडे चाळीसच, ती महिनोन्महिने पुरतात. दुधी-दोडका बांधाच्या मांडवावर. भेंडी थंडीत हलत नाही, ती ऊन तापल्यावर. हे सगळे त्या शंभर पानी वहीत मागच्या बाजूने लिहिलेले आहे.

हिशेब लपवण्यात अर्थ नाही. गुरुजींच्या पत्नींनी वीसही आठवडे प्रत्येक भाजीचा त्या दिवशीचा बाजारभाव मांडून ठेवला होता. बेरीज २,६८५ रुपये. म्हणजे पहिल्या वर्षी शेअरधारक तीनशे रुपयांनी तोट्यात. सभासद शेतकऱ्याकडे सतरा शेअरचे ५१ हजार आले, खर्च २४ हजार झाला, मजुरीत आई व पत्नी यांचे दिवसही धरले होते आणि ते पैसे त्यांच्या हातात दिले. त्या वर्षी त्याला कुणाकडे हातउसने मागावे लागले नाहीत. ऊस २०२४ च्या जानेवारीत तुटला, पस्तीस गुंठ्यांत ३८ टन. मोठ्या बांधणीच्या आधी सरी रिकामी करायची, एवढे पथ्य त्याने पाळले होते.

२०२३ साली पाऊसच कमी झाला. यावेळी सप्टेंबरात पारावर सर्वांना बसवून त्याने स्वतःच सांगितले, की विहीर मार्चपर्यंत पुरणार नाही, सोळाच आठवडे देतो, पैसेही तेवढेच घेतो, आणि विहीर त्याआधी आटली तर तो तोटा सगळ्यांचा. वीस शेअर गेले. भाजीच्या तुकड्याला ठिबक केले. त्या वर्षीचे विघ्न वेगळेच निघाले. शेजारच्या उसात रुंद पानाच्या तणासाठी २,४-डी मारले, वारा इकडचा होता, आणि टोमॅटोची पाने दोरीसारखी पिळवटली. तिसऱ्या हप्त्याचा टोमॅटो गेला. शेजारी बिचारा ओशाळला, पंप धुऊन घेऊन गेला आणि चार दिवसांनी स्वतःच्या रानातला भोपळा आणून दिला. तेव्हा ज्यांना उसात आंतरपीक म्हणून खाण्याची भाजी घ्यायची असेल त्यांनी आपल्याच नव्हे, शेजारच्या फवारणीचेही आधी बोलून ठेवावे. ॲट्राझीन मारलेल्या सरीत भाजी लावू नये. हुमणीसाठी उसाच्या बुडात आपण जी औषधे ओततो तीही तिथे चालत नाहीत.

सर्वांनीच हे करावे असे आमचे मुळीच म्हणणे नाही. रान वसाहतीपासून, गावापासून लांब असेल तर पिशव्या पोचवण्यातच पैसे जातात. घरात दोन माणसे रोज सकाळी रानात जाणारी नसतील तर नको. सगाई-सुतकातही रविवार चुकत नाही. आणि पहिल्या वर्षी वीस घरांच्या पुढे जाऊ नये, दहा असली तरी पुष्कळ. परवानगीची मोठी भानगड नाही. फळे व भाजीपाला २०१६ सालीच राज्य शासनाने बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केलेला आहे. पैसे मात्र पावती देऊनच घ्यावेत आणि वही कुणीही मागेल तेव्हा उघडावी.

मावशींच्या पहिल्या दिवशीच्या बोलण्याचे आम्ही मध्यंतरी त्यांना आठवण करून दिली. म्हणालो, “मावशी, कर्जच निघालं की हो.” त्या मेथी निवडत होत्या. म्हणाल्या, “व्हय. पर ह्यो सावकार दर रविवारी पिशवी घिऊन घरी येतोय, च्या पितोय, नि रान कसं हाय इचारतोय.”

२०२४ च्या हंगामाला चोवीस घरे झाली. पहिल्या वर्षी पैसे परत नेलेल्या तिघांपैकी एक जण सप्टेंबरात पुन्हा नाव घालायला आले. जागा भरली होती. तरुण ‘न्हाई’ म्हणणार तेवढ्यात आईने त्याला आत बोलावले, आणि पंचविसावे नाव वहीत लिहिले गेले.

पूर्वहंगामी लागणीच्या नोंदी सुरू होतात तेव्हा ज्या सभासदांना या प्रकाराची माहिती हवी असेल त्यांनी गट कार्यालयात आम्हाला भेटावे. रविवारी सकाळी आलात तर थेट रानावरच नेऊ. येताना पिशवी घेऊन या.

— ऊस विकास अधिकारी